फोन एंगेज आहे

४ जानेवारी १९९९

दहाला जेसल पार्कच्या सरूताईंचा नंबर फिरवला – एंगेज! म्हणजे बाई नेटवर आहेत, म्हणजे बऱ्या आहेत. मेलच्या कट्ट्यावर लिहून टाकलं – "जेसल पार्क सुखरूप." लगेच मस्कतहून उत्तमचं उत्तर – "हुश्श. आता ऑफिसचं काम करतो." जसा काही एरवी करतो!

हे म्हणाले, रोज एंगेज नंबर लावून खूश होणारी बाई जगात दुसरी असेल का. नसेल. एक आहे ती तुमच्या पदरात पडलीय.

७ जानेवारी

आज पाणी नाही. टँकरच्या मागे धावून कंबर गेली. तसं कट्ट्यावर लिहिलं, तर न्यू जर्सीहून रुचिताचा सवाल – टँकर आपल्या पूनम सागरच्या गेटपर्यंत येतो का अजून, की कोपऱ्यावरच? पोरगी इथंच मीरा रोडला, हाटकेशला वाढली. घरात गुजराती, शाळेत मराठी. तिकडे नळाला चोवीस तास पाणी आहे आणि हिचा जीव इथल्या टँकरमध्ये.

साक्षी नोकरीला बंगलोरला गेली तेव्हा कॉम्प्युटर मागे ठेवून गेली – "आई, तुझा वेळ जाईल." दोन महिने मी त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घालून नुसती धूळ पुसत होते. मग समोरच्या विंगमधला उत्तम मस्कतला गेला आणि त्यानं मला या मेलच्या कट्ट्यात ओढलं. मीरा रोड-भाईंदर सोडून गेलेले आणि इथंच राहिलेले, असे आम्ही सगळे. एकानं लिहिलं की सगळ्यांना जातं. नियम एकच – सकाळी हजेरी. एक ओळ. आज काय शिजतंय, काय दुखतंय. बस्स.

सरूताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. मुन्सिपाल्टीच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. यजमान गेले, मूलबाळ नाही. त्यांची हजेरी ठरलेली – "जय भीम. आज मेथी. गुडघा बरा." पण दिवाळीत माझं बीपी चढलं तेव्हा आठवडाभर रोज आकडे मागायच्या, आणि औषध चुकवलं की ओरडायच्या. लिहून ओरडायच्या! कानात ऐकू यायचं.

ऑक्टोबरात त्या तापानं पडल्या आणि दोन दिवस कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून दहाचा फोन माझ्याकडे. दहाला त्या नेटवर बसतात, नेट फोनच्याच लाइनवर. एंगेज लागला की ठीक. रिंग वाजत राहिली की मी पळायचं. अजून पळावं लागलेलं नाही. खरं तर एकदा नुसतं भेटायला तरी जायला हवं. रिक्षानं कितीसं लांब! पण रोज तर भेटतो, असं वाटतं आणि राहून जातं.

१४ जानेवारी

मेलवर तिळगूळ. सगळे गोड बोलतायत, म्हणजे माझ्यावर जबाबदारी आली!

सरूताईंनी रुचिताला घावण्यांची कृती पाठवली. चार वाट्या तांदळाचं पीठ, चार वाट्या मीठ. मी कशी गप्प बसणार? सगळ्यांना लिहिलं – "ताई, घावणे करायचेत की भाईंदरला नवं मिठागर काढायचंय?" उत्तम दिवसभर हसतोय. रुचिता म्हणते ऑफिसात चहा नाकातून आला.

१८ जानेवारी

संक्रांतीपासून सरूताईंची हजेरी नाही. फोन मात्र दहाला बरोबर एंगेज. म्हणजे बाई बसतात, वाचतात, आणि एक ओळ लिहीत नाहीत.

रागावल्या. माझ्यावर. दुसरं काय असणार?

२५ जानेवारी

त्यांना एकटीला मेल लिहिली. ताई, माझ्या जिभेला हाड नाही, माफ करा. उत्तर नाही. फोन एंगेज.

बरं. मलाही राग येतो म्हटलं! एवढ्याशा मिठावरून अबोला? मी रोज न चुकता नंबर फिरवते आणि ह्या तिकडे बसून माझी माफी वाचून गप्प. नाही लिहायचं तर नका लिहू.

(नंबर फिरवलाच. एंगेज. जीवात जीव आला. मेला तो जीव.)

आंघोळीच्या वेळी डाव्या काखेत गाठ लागली. दुखत नाही. असेल काहीतरी.

३ फेब्रुवारी

रुचिताची मेल – "अनसूयामावशी, मी इथून काय करू? तुम्ही रिक्षात बसा ना." पोर माझ्या निम्म्या वयाची आहे आणि अक्कल दुप्पट.

५ फेब्रुवारी

गेले.

दहाला इथून नंबर लावला, एंगेज होता. म्हटलं, कॉम्प्युटरसमोरच पकडते. रिक्षावाला म्हणाला, "जेसल पार्क में किधर?" बिल्डिंगचं नाव लिहून घेतलेलं, ती कुठं ते मला कुठं माहीत! तीन बिल्डिंगा विचारत गेले. सगळ्या एकसारख्या पिवळ्या.

दार उघडलं एका काटकुळ्या, सावळ्या बाईनं. मी मनात चांगली धिप्पाड बाई धरून बसले होते. चौकटीला हात धरून उभ्या. "कोण गो?" मी पुढ्यात उभी आणि त्या बघतायत माझ्या कानाकडे. "अनसूया," म्हटलं. मग – "अगो, मिठागरवाली!" आणि अशा हसल्या! मला जवळ घेतलं ते घेतलंच. माझा सगळा राग उंबऱ्यावरच राहिला.

आत गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहान मूर्ती, सगळं लख्ख. कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा घातलेला. बंद. मग नेटवर कोण होतं? टीपॉयवर फोन होता, त्याच्या शेजारी एक उशी. उशी उचलली तर खाली रिसीव्हर. काढून ठेवलेला!

"तो नंतर केकाटतो ना," म्हणाल्या, "म्हणून उशी."

त्याच सांगत गेल्या. मोतीबिंदू. दोन्ही डोळे. स्क्रीनवर नुसतं दूध सांडल्यासारखं दिसतं. "तुझी मिठाची मेल कशीबशी वाचली आणि कळलं, चार चिमट्यांच्या मी चार वाट्या केल्या. तिथंच थांबले. उद्या कुणाला गोळीचं चुकीचं लिहिलं असतं तर? घावणे फेकता येतात गो, गोळी पोटात गेली की काय करणार?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगून काय! उत्तम तिकडे, रुचिता तिकडे. कशाला सगळ्यांचा जीव टांगणीला? तू दहाला फोन लावतेस. एंगेज लागला की तुझा दिवस बरा जातो, मला म्हायत्येय. तेवढं तर माझ्या हातात हाय."

माझा पट्टा सुरू झाला. साक्षीलासुद्धा इतकं कधी बोलले नव्हते. म्हटलं, तुम्ही पडला असतात, मेला असतात, तरी आम्ही रोज लिहीत बसलो असतो – जेसल पार्क सुखरूप! जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषध घातलंत, आणि स्वतःचं ऑपरेशन का नाही करून घेत?

"घाबरते म्हणून," त्या म्हणाल्या. "बिघडलेले पण मीच बघितलेत ना."

त्यांनी अंदाजानं चहा केला. साखर जरा जास्त होती, मी बोलले नाही. मिठावरून अद्दल घडलीय!

निघताना शपथ घेववली – पुन्हा रिसीव्हर काढून ठेवायचा नाही. "आणि तू?" म्हणाल्या. मी कशाला काढून ठेवीन! तरी घ्यायला लावली. बाबासाहेबांसमोर. दोघींनी.

६ फेब्रुवारी

कट्ट्यावर सगळं लिहिलं. कल्लोळ! उत्तम – "तीन आठवडे या बाईनं मला उल्लू बनवलं!" आणि त्याच्याच खाली – "ताईंना सांग मी रडलो नाही." रुचितानं तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरला विचारून घाबरण्यासारखं काही नाही असं चार परिच्छेद लिहिलं.

आता मी मंगळवार-शुक्रवार जाणार. त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या मेल वाचून दाखवायच्या, त्या सांगतील ते टाइप करायचं.

१९ फेब्रुवारी

सांगणं म्हणजे काय, हुकूम! "जय भीम लिही. लिहिलंस? आता उत्तमला लिही, वजन कमी कर." मी मध्ये स्वतःचं एक वाक्य घातलं तर ओळखलं. "एवढी बटणं कशी वाजली गो? मी एवढं बोलले नाय."

ऑपरेशनला शेवटी हो म्हणाल्या. अट एकच – चौदा एप्रिलच्या आत. फोटोला हार स्वतः बघून घालायचाय.

६ मार्च

उजवा डोळा झाला. मी बाहेर बाकावर बसून होते. बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य – "भूक लागलीय."

२६ मार्च

काळा चष्मा काढून मला पहिल्यांदा नीट बघितलं. बराच वेळ. मी पदर सारखा केला, वधूपरीक्षा असल्यासारखी!

"मेलवर जाडी वाटायचीस," म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "डावा हात असा अंगाला धरून का बसतेस?" पिशवी जड होती म्हटलं. त्यांनी माझा हात धरून वर केला. शेवटी सांगितलं गाठीचं. दोन महिने? म्हणून ओरडल्या. हे ओरडणं खरोखरचं. मेलवरचं बरं होतं.

दाखवीन म्हटलंय.

१४ एप्रिल

आज सकाळी कट्ट्यावर, त्यांची स्वतःची, स्वतः टाइप केलेली –

"जय भीम. आज खीर. हार मी घातला. सरळ बसलाय. आता दहाचा फोन मी लावणार, अनसूयेला. पाळी माझी."

सगळं जग उठून बसलं! उत्तमनं मस्कतमध्ये पेढे वाटले म्हणे. मी हसले, रडले, दोन्ही केलं.

सोमवारी डॉक्टरांकडे गेले होते. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. यांना सांगितलं नाही, ऑफिसात आधीच वैताग आहे. साक्षीची नोकरी अजून कच्ची. ताईंना सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. कशाला सगळ्यांचा जीव टांगणीला?

हे वाक्य कुठं ऐकलं ते आठवलं. तरी तसंच ठेवतेय.

२० एप्रिल

काल रिपोर्ट आला. चांगला नाही.

हे ऑफिसला गेले. हजेरी लिहायला बसले, काय शिजतंय ते सुचेना. दहाला रिसीव्हर काढून उशीखाली ठेवला. एंगेज लागेल, बरी आहे म्हणतील.

थोड्या वेळानं बेल. दारात सरूताई. काळा चष्मा, एकट्या, रिक्षानं, धापा टाकत.

"हजेरी नाय आणि फोन एंगेज," म्हणाल्या. "म्हणून आले. आणि गाठ तपासायला पाठवल्याशिवाय कुठला डॉक्टर काही नाही म्हणत नाय, नर्स होते मी."

आत आल्या. उशी बाजूला केली, रिसीव्हर जागेवर ठेवला. मग हात पुढे केला.

"आण तो रिपोर्ट. आता मला वाचता येतं."