बेचाळीस मेंढ्या आणि मधलं फाटक

मी, गुणवंत सखाराम मेश्राम, वय ६८, मूळचा भंडारा जिल्ह्याचा, सध्या राहणार ग्रे काउंटी, ओंटॅरिओ, हे माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, यकृत नाही. पुढच्या वसंतातलं गवत दाखवायचं हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी कबूल केलेलं नाही. माझ्यावर जबरदस्ती करू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी गंगुबाई, आणि ती २००६ साली गेली. तेव्हा हे राजीखुशीने लिहिलं आहे असं समजावं. आधीची मृत्युपत्रं रद्द. इंग्रजी प्रत वकीलबाईंकडे आहे, ती कायद्यासाठी. ही घरच्यांसाठी.

कलम १. साठ एकर जमीन व घर माझा मुलगा राजरत्न यास. त्याने ते विकलं तरी माझी हरकत नाही. त्याचं आयुष्य रिचमंड हिलला आहे. मात्र ओढ्याकाठचं कुंपण, जे जनावरांनी पाण्यात उतरून काठ तुडवू नये म्हणून मी घातलं, ते माझ्या नातवंडांनी निदान एकदा बघेपर्यंत काढू नये. त्या पाण्यात मासे परत आले आहेत.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून कल्याणी करेल, राजरत्न नाही. कारण सांगतो. या घरात बेसमेंटमधलं बोलणं हीटिंगच्या जाळीतून वर येतं. थँक्सगिव्हिंगला तुम्ही दोघं खाली होतात.

"बाबा गेले की मेंढ्या ऑक्शनला. एका दिवसाचं काम."

"अहो, हळू बोला. वर ऐकू जातं."

"या वयात त्यांना काय ऐकू येतंय?"

"त्यांना मेंढीच्या पोटातलं ऐकू येतं. आणि आधी त्यांना विचारा तरी!"

राजू, मला राग नाही. पण विचारा म्हणणाऱ्या माणसाकडे किल्ल्या असाव्यात.

कलम ३. बँकेत जे असेल ते नात ऊर्मीच्या शिक्षणासाठी. माझा स्टेथोस्कोपही तिलाच. ती म्हणते, "आजोबा, आय डोन्ट वॉन्ट टू बी अ व्हेट." नको होऊस, बाळा. पण ठेव. नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात असताना तो घेतला तेव्हा माझ्या बापाने तो दोन्ही हातांत धरून बघितला होता. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. बाबासाहेबांनी सोडा म्हटलं, त्यांनी सोडलं, आणि त्यापायी दोन वर्षं उपाशी काढली. मी ठरवलं होतं की जनावराकडे जाईन तो ते जिवंत असताना, आणि गळ्यात हा घालून.

इथे माझी पदवी चालली नाही. अकरा वर्षं हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात काढली. मग हे शेत घेतलं आणि आजूबाजूच्या गायी-मेंढ्यावाल्यांना सल्ला देऊ लागलो: किती जनावरं ठेवायची, गवत कसं फिरवून चारायचं, औषध कधी द्यायचं नाही. 'डॉक्टर' म्हणवून घेतलं नाही. तरी लोक गोठ्यातून फोन करत, फोन मेंढ्यांपुढे धरत, आणि मी खोकल्यावरून दुखणं सांगत असे. त्याचा मला गर्व होता. पुढचं कलम त्या गर्वाचं आहे.

कलम ४. माझ्या बेचाळीस मेंढ्या शेजारी वॉल्टर ब्रूक्स यास.

मे २००३ मध्ये आल्बर्टात 'मॅड काउ' रोगाची एक गाय सापडली, अमेरिकेने सीमा बंद केली आणि वॉल्टरच्या गायींना कोणी विचारेना. गायी कमी कर, मेंढ्या घे, हे मी सांगितलं. त्याने ऐकलं. सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या कोठारात कॉफी प्यालो. "गुन्नी," तो म्हणायचा, "तुझ्यामुळे मी आता मेंढीसारखा विचार करतो. बायको म्हणते, आधीपेक्षा बरा."

जुलै २००९. फार पाऊस झाला होता. टोरांटोत आपल्या आंबेडकरी असोसिएशनने माझा सत्कार ठेवला होता. वॉल्टरचा फोन आला: दोन मेंढ्या सुस्त आहेत, सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजू का? सरसकट पाजू नये, जंतांना सवय होते, हे मीच त्याला शिकवलं होतं. हॉलच्या वॉशरूममध्ये उभा राहून म्हणालो, फोन त्यांच्यापुढे धर. खोकला नाही. रवंथ ऐकू आलं. म्हणालो, "ठीक आहेत. थांब." आणि शाल घ्यायला गेलो.

रक्त पिणारा जंत आवाज करत नाही. त्यासाठी मेंढीची खालची पापणी ओढून बघावी लागते: लाल असेल तर ठीक, पांढरी असेल तर आजच औषध. हेही मीच शिकवलं होतं. त्या दिवशी 'पापणी बघ' हे दोन शब्द मी बोललो नाही.

पाच दिवसांत एकतीस मेल्या. मी गेलो, आणि आजोबांनी सोडलेलं काम माझ्या हातांनी केलं. एकेक ओढून बाहेर आणली. वॉल्टर फाटकाशी उभा होता. एवढंच म्हणाला, "तू ऐकलंस, गुन्नी. बघितलं नाहीस." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. माझी दोन पत्रं न उघडता परत आली.

कलम ५. ती शाल असोसिएशनचे अध्यक्ष दिलीप यांना परत करावी. "मेश्राम साहेब, प्राणिहत्या न करण्याचं पहिलं शील आणि तुमचा मटणाचा धंदा कसा काय जुळतो?" असं ते दर जयंतीला विचारत, तोंडात घास असताना. प्रश्न बरोबर आहे. पण विचारणाऱ्याने आधी घास गिळावा.

कलम ६. त्रिशरण-पंचशील घ्यावं, दहन करावं. भाषणं नकोत.

कलम ७. वॉल्टरला साक्षीदार म्हणून बोलवावं, म्हणजे निदान एकदा या टेबलाशी बसेल, असा माझा बेत होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याची सही घेतली तर देणगीच रद्द होते. ते निमित्तही गेलं.

तेव्हा कल्याणी, तू पत्र पाठवू नकोस. स्वतः जा. तो नाही म्हणेल. वाद घालू नकोस. परत ये आणि दोन्ही शेतांमधलं फाटक उघडं ठेव. त्याच्या बाजूचं गवत चांगलं आहे, मीच लावायला सांगितलं होतं. मेंढ्या आपण होऊन जातील. वॉल्टर माणसाला परत पाठवतो, मेंढीला नाही.

आणि त्याला एवढं सांग: आज सकाळी गुन्नीने बेचाळीसच्या बेचाळीस मेंढ्या धरल्या, मधे तीनदा खाली बसला, आणि प्रत्येकीची पापणी ओढून बघितली. सगळ्या लाल आहेत. ऐकून सांगत नाही.

सही: गुणवंत सखाराम मेश्राम

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी वाचून सही केली. आम्हांला यातून काही मिळायचं नाही:
१. रवींद्र वासनिक, हॅमिल्टन
२. मिलिंद रामटेके, हॅमिल्टन

ठिकाण: ग्रे काउंटी, ओंटॅरिओ
दिनांक: १२ नोव्हेंबर २०११