तीन वाजताची प्लीहा

उप्साला,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आदरणीय सॉल्वेगताई यांस,

होकनचा सविनय नमस्कार. विस्बीच्या समुद्रवाऱ्यात आपला गुडघा काय म्हणतो, ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. आपली बहीण, माझी मार्ता, जाऊन सात महिने झाले. मी पूर्णपणे सावरलो आहे, याबाबत आपण निश्चिंत असावे.

प्रयोगशाळेत मात्र एक लाजिरवाणा प्रकार घडला. उंदराची प्लीहा (रोगांशी लढणारा पोटातील अवयव) ताटलीत जिवंत ठेवून आम्ही तिच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका देतो आणि तंतूच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन किती स्रवते, ते केसाहून बारीक कार्बनच्या तारेने मोजतो. झटका दिला की पडद्यावर उंचवटा उमटतो. परंतु गेले तीन आठवडे रोज दुपारी तीन वाजता, झटका न देताच, डोंगराएवढा उंचवटा उमटू लागला. प्लीहेला घड्याळ कळते, असा सिद्धान्त मी मांडला (बावीस पाने, आलेखांसह) आणि गुरुवारच्या सभेत तो वाचण्याचे जाहीर करून एकतीस वर्षांची अब्रू पणाला लावली.

बुधवारी आमची संशोधक विद्यार्थिनी टूवा म्हणाली, "अहो होकन, तीनला अख्खा स्वीडन कॉफी पितो. तुमच्या प्लीहेलाही तल्लफ येते की काय?" मी तिला शास्त्रीय गांभीर्याविषयी चार शब्द सुनावले. तिने प्लीहा काढून बाजूला ठेवली. तीन वाजले. उंचवटा उमटलाच! मग तिने वायरीचा माग काढत माझी विजेची किटली वर उचलली. "ही घ्या तुमची प्लीहा!"

(किटली तेथे कशी, असे आपण विचाराल. कॉफीच्या खोलीत मी शिरलो की सारे बोलणे थांबवतात आणि वेलदोड्याच्या पावांतला सर्वांत मोठा माझ्यापुढे सरकवतात. सहा महिने ते सोसले. मग यंत्राशेजारीच किटली लावली आणि रोज तीनला सुरू करू लागलो; तिच्या विजेचा धक्का त्या तारेला जाणवत होता. तेथे खाणेपिणे निषिद्ध आहे. ती पाटी माझ्याच हस्ताक्षरात आहे.)

बावीस पाने फाडली. सभेत किटलीची हकीकत सांगितली आणि झटक्यांनंतरचे उंचवटे दाखवले. लहान, पण खरे. सगळे हसले. मीही हसलो, असे टूवा सांगते.

आपला नम्र,
होकन

ता.क. मार्ता मला रोज निळ्या थर्मासमधून कॉफी देत असे; त्या काळात प्लीहेने कधी आगाऊपणा केला नाही. आपण तो थर्मास आठवण म्हणून मागितलात, तेव्हा "मला त्याचा उपयोग नाही" असे मी म्हणालो होतो. ते विधान मी मागे घेत आहे.

ता.क. २. टपालाने पाठवू नये. आतली काच फुटेल. शनिवारच्या बोटीने आपण स्वतः आणावा. रिकामा आणू नये.