अण्णांचं पलस्तर आणि माझं सबमिशन

१० फेब्रुवारी
चित्रकला कॉलेजात इंगळे सरांनी सबमिशन सांगितलं. बसलेलं माणूस, ऑइलमध्ये, समोर बसवून. "फोटोवरून केलेलं मला दारातूनच कळतं." मुदत ६ मार्च. हिंगोलीहून दोन एसट्या बदलून कुरुंद्याला आले आणि मायला म्हटलं, मला मॉडेल पाहिजे.
माय : "आता कोणती गाडी घेऊन राहिलीस?"

१२ फेब्रुवारी
घरात एक माणूस रिकामं नाही. हळद शिजवणं चालू. बाबा कढईपाशी, माय वाळवणात. मायला कसंबसं दहा मिनिटं बसवलं. तेवढ्यात चारदा उठली. नाक काढलं तेव्हा होती, कानापर्यंत आले तर खुर्ची रिकामी.
रिकामं म्हणावं तर एकटे अण्णा. बाबांचे थोरले भाऊ. पाय पलस्तरात, अजून तीन आठवडे खाट. येईल त्याला सांगतात, ट्रकवाल्यानं दाबलं. खरं तर अंगणात उभ्या मोटारसायकलवरून पडले. मी पाहिलंय. त्यांना माहितीये की मी पाहिलंय.
पण विचारायचं कसं? बारावी सायन्स करून मी चित्रकलेला गेले, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बाबांना म्हणाले होते, "एक साल जाऊ दे. हौस फिटली की बराबर घरी येते." घरात त्यांचा शब्द शेवटचा. दुसऱ्या वर्षाचं अजून कोणी तोंडातून काढलेलं नाही. मी तर नाहीच.

१३ फेब्रुवारी
मोठमायनं (अण्णांची बायको) वशिला लावला. अण्णा तिला म्हणाले, मी समोर उभी असताना, "तिला सांग, मी हलणार न्हाई. बोलणार बी न्हाई."
सरांना फोनवर सांगितलं तर म्हणतात, असं मॉडेल नशिबानं मिळतं.

१४ फेब्रुवारी
पहिली बैठक. अण्णा खुर्चीत, पाय स्टुलावर. कॅनव्हास शिलाई मशीनला टेकवला. दोन तास एक शब्द नाही. फक्त मधेच खिडकीतून ओरडले, "आरं, जाळ कमी करा!" आणि मान पुन्हा जशीच्या तशी. टर्पेंटाइनच्या वासानं मोठमाय दोनदा येऊन गॅस बघून गेली.
इतकं सलग मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणापासून ते आले की खाली बघायचं, एवढंच.

१७ फेब्रुवारी
खाटेवर पडून करणार काय. अण्णांनी माझी कलेच्या इतिहासाची वही वाचायला घेतली. आज मोठमायला विचारत होते (म्हणजे मला), "ह्या इजिप्तवाल्यांचं तोंड बाजूनं आन् डोळा समोरून, असं काहून?"
मोठमाय म्हणाली, "मला काय इचारता, मी तिकडं गेले होते का?"
मी भिंतीकडे बघून उत्तर दिलं. जी बाजू नीट दिसते ती काढायची, अशी पद्धत होती त्यांची.
थोड्या वेळानं मोठमायमार्फत निरोप : मलाबी तसंच काढ म्हणावं. डाव्या बाजूनं. पलस्तर दिसायला नको.
नाही म्हटलं.

२० फेब्रुवारी
आज त्यांनी चित्र पाहिलं. दाखवणार नव्हते, पण काठी टेकत स्वतः उठून आले. चित्रात कपाळावर आठ्या, ओठ मिटलेले, पाय पांढराधोप. बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "माझं तोंड असंच असतं का?"
आतून : "लग्नापासून."
खाटेवर गेले. भिंतीकडे तोंड.

२३ फेब्रुवारी
तीन दिवस बैठक नाही. अण्णा जेवतात, झोपतात, आरसा मागतात. बाबा म्हणाले, "दोन रेघा पुसल्या तर काय बिघडतं?" माय म्हणाली, "पुस बाई." मीही ब्रश हातात घेतला होता. आठ्या काढून टाकल्या तर दुसरं वर्ष मिळेल कदाचित. पण मग ते अण्णा राहणार नाहीत. दुसरंच कोणीतरी बसलेलं दिसेल खुर्चीत. ब्रश धुतला. रडले थोडी. माय म्हणाली टर्पेंटाइन डोळ्यात गेलं, मी व्हय म्हटलं.

२४ फेब्रुवारी
सकाळी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत हजर. आणि हसत होते. म्हणजे दात दिसत होते. मोठमाय दारातूनच मागे फिरली. अर्धा तास सहन केलं, मग तोंडातून निघालंच, "अण्णा, हसू नका ना."
"मंग काय रडू?"
आठ महिन्यांनी पहिलं वाक्य. मला. थेट.
नंतर गाडी थांबेना. नाक मोठं झालंय. मिशी अजून जाड हाय. ट्रकवाल्याचं काय झालं ते सांगितलं. मी मान हलवत राहिले.

२७ फेब्रुवारी
घोटाळा. अंगणात हळद पॉलिश करणं चालू होतं आणि कॅनव्हास ओला. सगळी धूळ अण्णांच्या गालावर. पुसायला गेले तर अजून पसरली. कावीळ झाल्यासारखे दिसतात. अण्णा म्हणाले, "राहू दे. घरचाच माल हाय."

२ मार्च
सरांना दाखवलं. चष्मा काढून जवळ गेले. "त्वचेखाली हा ऊबदार पिवळा कसा आणलास?"
म्हटलं, थर देऊन.
खोटं नाही ते.

४ मार्च
अण्णांचं पलस्तर निघालं. पाय वाळका, केस उगवलेला. मला म्हणाले, "आता तुझं हे चित्र खोटं झालं की."

६ मार्च
कॉलेजात भिंतीवर सगळ्यांची चित्रं. बाहेरून परीक्षक आलेले. अकराच्या सुमारास दारात जीप. बाबा, मोठमाय, आणि काठी घेऊन अण्णा. मी बोलावलं नव्हतं. अण्णांनी खुर्ची मागितली, माझ्या चित्राशेजारी मांडली आणि तसेच बसले. आठ्यांसकट. पोरं मोबाईल काढायला लागली.
परीक्षकांनी चित्र पाहिलं, अण्णांना पाहिलं, पुन्हा चित्र. म्हणाले, "चेहरा चांगला. पण हात जमले नाहीत. हे बोट वाकडं."
मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी उजवा हात त्यांच्या नाकासमोर धरला. "मळणी यंत्रात गेलतं. पोरीनं बराबर काढलंय. तुमीच नीट बघा."
सरांनी खिडकीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. परीक्षकांनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही. निकाल एप्रिलात.

बाहेर रसवंतीवर थांबलो. बाबांनी अर्धा ग्लास संपवून धीर केला. "अण्णा, मंग जूनचं काय करायचं पोरीचं?"
अण्णांनी मिशी पुसली. "तिला इचार, पुढल्या साली बसवणार कोनाला? मी काय दरसाली पाय मोडून घेणार न्हाई."
बाबा म्हणतात, हे व्हय आहे. माय घरी ऐकून म्हणाली, हे न्हाई आहे. मोठमायला विचारलं. म्हणाली, "त्यांचं त्यांनाच ठावं न्हाई अजून. तू फॉर्म आणून ठेव."