गल्लीतलं शेवाळ आणि टिप्याचे पंजे

५ ऑगस्ट, मंगळवार
सकाळीच गोदामावशी पडल्या. समोरच्या घरातल्या, गोरखची आई. मारुतीला पाणी घालून येत होत्या, गावपुढारी तात्यांच्या भिंतीपाशी पाय सटकला. तिथं कायमची ओल. तात्यांच्या बोअरची टाकी भरली की वरचं पाणी पाईपातून थेट गल्लीत, आणि सिमेंटवर हे हिरवंगार शेवाळ.
आवाज आला तशी कणकेच्या हातानंच पळाले. मनगट वाकडं झालेलं, आणि मावशी मला म्हणतात, "सुशे, माझा तांब्या कुठं गडगडला बघ." हात मोडलाय नि तांब्याची काळजी!
गोरख टेंपो घेऊन मांजरसुंब्याकडं गेलता. ह्यांनी फोन करून बोलावला. केजला नेलं, प्लास्टर घातलं. गोरखची बायको सविता दिवसभर रडवेली.
अंगणवाडीत उशिरा पोचले. मदतनीसबाईंनी खिचडी टाकून लेकरं बसवून ठेवली होती. एका शब्दानं विचारलं नाही. लई बरं वाटलं.

७ ऑगस्ट
मावशीकडं जाऊन आले. भाजी नेली. म्हणाल्या, "गल्लीत पाऊल टाकायची भीती बसली गं."
घरी आले तर हे अनवाणीच मारुतीला निघालेले. श्रावणभर चप्पल नाही, दरसालचा नेम. ह्यांना साखरेचा आजार. तळपायाला काही कळतच नाही. मागं बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी पत्ता नव्हता.
मी म्हणलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय?
"डॉक्टरचा श्रावण अलग, माझा अलग."
पुढं टिप्या, मागं हे. टिप्या वळून वळून बघतो, येतायत का. गावात सगळे म्हणतात, नानाला कुत्र्यानं पाळलंय.

८ ऑगस्ट
संध्याकाळी गल्लीत डोळ्यात जाईल असा वास. बाहेर आले तर गोरख शेवाळावर कॅनमधून काहीतरी ओततोय. नुसता फेस.
"तेजाब हाय वैनी. ढाबेवाल्यानं दिलं. त्याची मोरी ह्यानंच साफ करतो. सकाळपर्यंत शेवाळ जळून जातंय बघा."
आईपायी जीव तुटतो पोराचा. मला वाटलं, चला, कुणीतरी हात घातला. दार लावून घेतलं वासामुळं.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
काय लिहू. पण लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही.
सकाळी हे आणि टिप्या मारुतीहून आले. टिप्या एक पंजा टेकवी, दुसरा उचली. अंगणात आडवा पडून पंजे चाटत सुटला. थोड्या वेळात तोंडातून लाळ. भाकरी पुढं धरली, तोंडसुद्धा लावलं नाही. हे म्हणले, काटा भरला असंल.
जनावरांचे डॉक्टर शेजारच्या आळीत गाईला बघायला आले होते, त्यांना हात जोडून आणलं. त्यांनी पंजा उलटा केला. तळ लालभडक, मधे सालपट निघालेलं. जीभही पोळलेली.
"ह्यानं काय तुडवलं?"
मी गल्लीकडं बघितलं. शेवाळ खरंच जळालं होतं. पांढरं पडलेलं, मधल्या खोलगटात पाणी तसंच साचलेलं.
डॉक्टरांनी बादलीवर बादली पाणी ओतायला लावलं पंज्यांवर. मलम लावलं, फडकं बांधलं. चाटू देऊ नका म्हणले. आणि हात धुता धुता सहज विचारलं, "इथून अनवाणी आणखी कोण जातं?"
मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाटेवर निवांत चहा पीत होते. जवळ गेले, पाय उचलून बघितला. अंगठ्याखालची कातडी पांढरी, मेणासारखी, कडेला मोठा फोड. तसाच चवड्यावर.
"दुखतंय का हो?"
"काय?" हे म्हणले. "कुठं काय हाय?"
डॉक्टरच म्हणले, आधी पाणी ओता, मग अंबाजोगाईला न्या, आत्ताच्या आत्ता. गोरखला हाक कुणी मारली आठवत नाही. टेंपो दारात उभा होता.
भाऊ राखीसाठी आला, घराला कुलूप. सवितानं त्याला जेवू घातलं म्हणे.

१० ऑगस्ट
अंबाजोगाई. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. ह्यांना ठेवून घेतलंय. मेलेली कातडी काढली. ह्यांना त्याचंही काही नाही, छताकडं बघत पडून होते.
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला मऊ. म्हणल्या, "वेळेत आलात. साखरेच्या माणसाचा पाय आठ-आठ दिवस कळत नाही. आम्हाला बहुतेक जण पाय काळा पडल्यावर दिसतात. मग आम्ही तरी…"
"कसं लक्षात आलं तुमच्या?"
म्हणलं, माझ्या नाही. आमच्या कुत्र्याच्या.
हसल्या नाहीत त्या. "मग त्याला जपा," म्हणल्या.
टिप्या त्या वाटेनं गेला नसता तर? त्याला दुखलंच नसतं तर? विचार करवत नाही. ज्याला दुखतं त्याच्यापायी, ज्याला दुखत नाही तो वाचला.
गोरख बाहेर टेंपोत बसून आहे. डबा आणून दिला. माझ्याकडं बघितलं नाही. मी बोलले असते तर वाईट बोलले असते.

१२ ऑगस्ट
घरी आलो. पाय टेकवायचा नाही अशी ताकीद.
टिप्याला सवितानं स्वतःच्या घरात ठेवलं होतं. भाकरी दुधात कुस्करून थंड करून बोटानं भरवली, लेकराला भरवावी तशी. पोरीच्या शाळेचे जुने मोजे पंज्यांना बांधलेले. ह्यांना बघून तसाच मोज्यांवर घसरत आला. हे रडले. मी आजपर्यंत ह्यांना कधी रडताना पाह्यलं नव्हतं.
संध्याकाळी मी समोर गेले. सगळं साचलेलं बाहेर पडलं.
"गोरख, एका शब्दानं सांगायचं तरी. अनवाणी जाऊ नका, कुत्रं बांधा. नुसतं दार वाजवून गेला असतास."
तो मग एकदम, "माय पडली माझी, वैनी! मी काय करायचं व्हतं? ग्रामपंचायतीत जाऊन आलो, तात्यांच्या दारात जाऊन आलो. समदे म्हणतेत बघू. मंग मी बघितलं माझ्या परीनं."
खोटं काहीच बोलला नव्हता.
मावशी खाटेवरून म्हणल्या, "माझ्यापायी दुसऱ्याचा पाय जाया लागला व्हता. असलं भलं नको रे बाबा मला."
सवितानं चहा ठेवला. पिऊन आले. साखर जास्त होती. गोड लागला.

१४ ऑगस्ट
जनावरांचे डॉक्टर टिप्याला बघून गेले. पैसे घेईनात, चहा घेतला. टिप्या आता मऊ खातो. त्यांना विचारलं, तेजाब नको तर शेवाळाचं करायचं काय? पोळ्याला समदे बैल ह्याच गल्लीनं मारुतीला जातात. शेवाळ ठेवलं तर बैल सटकतील, तेजाब टाकलं तर खूर नि नखांमधली कातडी जळंल.
म्हणले, "औषध कशाला शोधता? खरडा. तारेच्या ब्रशनं खरडा, पाण्यानं धुवा, आणि वर कच टाका, खडीकेंद्रावर खडी फोडून उरते ती. पाय धरून राहतो. पण वरून पाणी येत राहिलं तर पुन्हा धरणारच शेवाळ."
म्हणजे पाईप.
अंगणवाडीतून येताना तात्यांकडं गेले. ओट्यावर माणसं बसलेली, निवडणुकीची बोलणी चाललेली. मान दिला, खुर्ची दिली. नानांच्या पायाची चौकशी केली. पाईपाचं काढलं तशी म्हणले, "बघू की बाई. गडी मोकळा झाला की बघू."
खोटं नाही वाटलं. पण खरंही नाही वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार
आज गल्ली झाली!
गोरखनं काल घरोघर सांगितलं. एक-दोघं म्हणले, आपण कशाला? पंचायतीचं काम हाय. गोरख म्हणला म्हणे, "व्हय, हाय. पण पाय आपले हायेत." मला सवितानं सांगितलं. ह्यानं असं बोलावं! एरवी चार शब्दांचा धनी.
सकाळी आधी उरलंसुरलं तेजाब धुतलं, टँकरच्या नळीनं, लई वेळ. मग खरडायला बसलो. बायका ब्रश घेऊन, गडी खोरं घेऊन. हिरवं काढू तसं खालून आणखी काळं. कंबर धरली, हात सोलले. मावशी ओट्यावर बसून एका हातानं दाखवत, "तिथं राह्यलं, तिथं." हे खाटेवरून तेच. दोघांची जुगलबंदी.
दुपारून गोरखचा टेंपो कच घेऊन आला. पसरली, पाणी मारलं, तुडवून बसवली. मी चप्पल काढून चालून बघितलं. खरखरीत, तळव्याला टोचतंय थोडं. पण पाय हलत नाही जागचा.
आमच्या नि गोरखच्या दारातल्या मोरीचं पाणीही गल्लीतच येत होतं. बोलता बोलता ते कुणाच्या तरी लक्षात आलं. नाली फोडून वळवलं. तात्यांना नावं ठेवत होतो इतके दिवस.
रात्री भाकरी थापायलाही जोर नव्हता. सवितानं पिठलं धाडलं.

२२ ऑगस्ट, पोळा
बैल गेले गल्लीनं. मी दारात उभी. शिंगांना बेगड, अंगावर झुली, घुंगरं, हलगी. तात्यांची खिल्लारी जोडी सगळ्यात पुढं, अवखळ. भिंतीपाशी आली तशी मी डोळेच मिटले. उघडले तर पुढं निघून गेलेली.
तात्या थांबले. बुटाच्या टाचेनं कच घासून बघितली. गोरखला म्हणले, "चांगलं केलंस बे."
गोरख म्हणला, "पाईप तेवढा राह्यलाय, तात्या."
हलगीवाला वाजवायचा थांबला की काय असं वाटलं मला. तात्या हसले. "बघू म्हणलं ना." आणि बैलांमागं गेले.
पुरणपोळी. ह्यांना अर्धीच. टिप्याला अर्धी. दोघंही माझ्याकडं सारखंच बघत होते.

२५ ऑगस्ट
ड्रेसिंगला अंबाजोगाई. गोरखच नेतो दर खेपेला. भाडं सोडून येतो. सांगून बघितलं, बसनं जातो आम्ही. ऐकत नाही.
जखम भरतेय, पण अंगठ्याखाली अजून ओलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आणखी दिवस लागतील, घाई नको. हाडापर्यंत गेलेलं नाही.
परत येताना गोरख एकदम म्हणला, "नाना, त्या दिशी मी…"
हे म्हणले, "पुढं म्हशी हायेत. बघून चालव."
टेंपोतली हवा हलकी झाल्यासारखी वाटली. ह्यांनी खिडकीबाहेर बघत हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मी मागून पाह्यला.
श्रावण संपला. तरी ह्यांना मऊ तळाच्या चपला आणल्यात. म्हणतात, पुढच्या श्रावणाचं पुढच्या श्रावणात बघू. ते "बघू" मला चालणार नाही.

२९ ऑगस्ट
दोन दिवस पाऊस. तात्यांचा पाईप चालूच. भिंतीपाशी कच वाहून गेली, खालचं सिमेंट उघडं पडलंय. कडेला बारीक हिरवी रेघ दिसली. इतकं करून पुन्हा तिथंच?
गोरखला सांगितलं. म्हणला, "पाऊस उघडला की आणखी एक खेप कच आणतो. दुसरं काय." थकलेला वाटला.
टिप्याचे मोजे सुटले. नवी कातडी गुलाबी. त्या भिंतीजवळून जात नाही, पलीकडच्या कडेनं जातो. हुशार हाय.

३१ ऑगस्ट, रविवार
सकाळी अंगण झाडत होते. गल्लीतून खरड खरड आवाज. वाटलं, गोरख. बघते तर तात्यांच्या मालकीणबाई. ह्या बाई फाटकाबाहेर कधी पायी दिसत नाहीत, कुठं जायचं तर गाडी. डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात, दोन्ही हातांनी खोरं धरून स्वतःच्याच भिंतीखालचं शेवाळ काढतायत. खोरं धरायची सवय दिसली हाताला. माहेरी शेतात राबलेल्या असणार.
मी म्हणलं, "अहो, तुमी कशाला? गडी हाय की."
"गडी त्यांचा हाय. मला पाईपाचं सांगून सांगून घसा कोरडा पडला. आज-उद्या, आज-उद्या." खोरं थांबवलं नाही. "नानांचा पाय कसा हाय?"
"भरतोय."
"बरं झालं बाई. लई बरं झालं."
मी घरात जाऊन तारेचा ब्रश आणला. शेजारी बसले. समोरून सविता बादली घेऊन आली, काही न विचारता. डोक्यावर पाईपातून पाणी ठिबकत होतं, आमच्या तिघींच्या पाठीवर. खरडू तिथं पुन्हा ओलं.
बाई वर बघून म्हणल्या, "थांबा, संध्याकाळी जेवायला बसू द्या त्यांना."
आम्ही हसलो. मग पुन्हा खाली बघून खरडायला लागलो.