तीन नख्या

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मनातला तुमच्याविषयीचा तिरस्कार काही जुना होत नाही. लोक अजून म्हणतात, कळमनुरीत तुमच्यासारखा सतारीचा मास्तर झाला नाही. मी मान हलवते. मला आठवते ती तुमच्या तर्जनीवरची जाड तारेची नखी, जिला तुम्ही चारचौघांत ऐटीत मिजराब म्हणायचात.

तसलीच एक तुम्ही मला दिली होती. मी सोळा वर्षांची, स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर लांब बसून सतारीवर गत घोटायची. नखी बोटात रुतायची आणि सूर नुसता दणकायचा. “आबा, दुसरी मिळंल का? ही मला बराबर बसत न्हाई,” असं मी एकदाच विचारलं. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, “हात लागतो, हात. नखी कसली बी चालते. तुझ्या हातात सूरच न्हाई, त्याला नखी काय करंल?” आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, एवढंच.

पुढच्या बाजारी आईनं मला चाळण्या विणणाऱ्या चाचांकडे नेलं. त्यांनी जन्मात सतार हातात धरली नव्हती. पण दोऱ्यानं माझं बोट मोजता मोजता त्यांनी विचारलं, “बेटा, हळू वाजवते का जोरात?” तुम्ही मला हे कधीच विचारलं नाही. मी म्हणाले, हळू. त्यांनी पोलादी तारेच्या तीन नख्या वळून दिल्या. पातळ नखीचा आवाज किणकिणता, पण लय वाढली की ती वाकायची. जाड नखी थेट तुमच्यासारखी, सगळ्या सुरांना दाबून टाकणारी. मग मी मधली घातली, आणि आई चुलीपुढून म्हणाली, “हे कोण वाजवून राहिलं?” सूर गोल, भरलेला, तार ओढून मींड घेतली तर शेवटपर्यंत टिकणारा. तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होतात.

त्याच आठवड्यात देशमुखांकडे तुमच्या सतारीची बैठक होती. देशमुखीणबाईंना मुलींना शिकवायला बाई हवी होती, म्हणून त्या मला ऐकणार होत्या. निघताना तुम्ही हात पुढे केलात. “दाव ती.” मी नखी काढून दिली. तुम्ही पकडीनं तिचा वेढा रुंद केलात आणि स्वतःच्या बोटात चढवलीत.

“आबा, मग मी कशानं वाजवू?”

“आज तुला ताप हाय,” तुम्ही म्हणालात.

मी पडद्यामागे बायकांत बसले, ताप नसलेली. देशमुख मध्येच म्हणाले, “मास्तर, आज सतार काय बोलून राहिली! काय केलं?” तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “तीस वर्षांची मेहनत हाय, सरकार.” एका चाळणीवाल्याचं तासाभराचं काम बोटात घालून! चोरीचं मला एवढं नाही. ते सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही, त्याची किळस येते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नखी माझ्यापुढे टाकलीत. “घे. बरी हाय.” ती आता माझ्या बोटात नुसती फिरत होती. चाचांनी काही न विचारता नवी वळून दिली. महिन्याभरानं आई तुम्हाला न सांगता मला देशमुखांकडे घेऊन गेली. मी वाजवलं, काम मिळालं. तुम्ही चार महिने माझ्याशी बोलला नाहीत, आणि गावभर मात्र सांगत फिरलात, पोरीला मीच तयार केली. निजामाचं राज्य गेलं त्या साली तुम्हीही गेलात. मी रडले नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि पाठवायला ठिकाणही नाही. तरी लिहायला बसलेच आहे तर कबूल करते. त्या बैठकीत तुम्ही शेवटचा, जलद लयीतला ‘झाला’ वाजवायला घेतलात, तेव्हा पडद्यामागे काही वेळ मी रागवायचं विसरले होते. तसा ‘झाला’ वाजवणं मला अजून जमलेलं नाही.