अडीच वर्षांवरचं अपील

४ मार्च
अडीच वर्षं! जज्जबाईंचा काहीतरी घोळ झालाय. व्हॅनमध्ये हेरिंग माशांच्या पेट्यांखाली साठ किलो चरस होता, कबूल. पण मी नुसता ड्रायव्हर. जर्मनीहून इथे डेन्मार्कात, एस्बियर्गपर्यंत चार खेपा, त्याला काय धंदा म्हणतात? शिक्षेच्या मुदतीवर अपील करणार. निम्मी होईल.

८ मार्च
माझ्या वकील यिटेबाई म्हणतात, अपील केलंत तर सरकारी वकीलही शिक्षा वाढवून मागतील. शेजारच्या कोठडीतला हॉल्गरही तेच म्हणाला. "वेर्नर, स्वस्तात सुटलायस. गप बस." हॉल्गर तिसऱ्यांदा आत आलाय. त्याच्याकडून कायदा शिकू?
सही केली.

२१ मार्च
सरकारनेही अपील केलं. छान. केस महत्त्वाची आहे, हे त्यांनाही पटलेलं दिसतंय.
उद्यापासून रोज व्यायाम.

२ एप्रिल, शनिवार
भेटीचा दिवस. माझी मुलगी सिसेल आली नाही. हॉस्पिटलात ड्युटी असणार. शिवाय दोन गाड्या बदलाव्या लागतात. हॉल्गरची आई आली होती, पण ऐंशी वर्षांच्या बाईला दुसरं काम काय?
व्यायाम सोमवारपासून.

२७ एप्रिल
कोर्टापुढे वाचायचं निवेदन तयार. अकरा पानं. यिटेबाई वाचून म्हणाल्या, "चूक कोणाकोणाची, ते सगळं आलंय. फक्त तुमचं नाव राहिलं."
वकिलांना भाषेची जाण नसते. बारावं पान जोडलं: सिसेलला बापाची गरज आहे.

१ जून
सिसेलला फोन करून बारावं पान वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, माझं नाव काढ त्यातून." लहानपणापासून लाजाळू. मग म्हणाली, "तुझा माल शोधायला पोलीस माझं कपाट उपसत होते, तेव्हा कुठे होतास तू?"
कोठडीत होतो. तिला माहीत आहे. तरी विचारते.

१४ जून
सुनावणी. शेवटच्या बाकावर सिसेल! येणार, हे मला ठाऊकच होतं.
काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं. उभा राहिलो, कागद सारखे केले. सिसेल खाली मान घालून बसली होती. "नाही," म्हणालो. कधीकधी गप्प राहण्याचाच परिणाम जास्त होतो.
तीन वर्षं. सहा महिने वाढले. चार खेपा म्हणजे ठरवून केलेला धंदा, असं त्यांचं म्हणणं.
मला बाहेर नेताना सिसेल दाराशी आली. "मला वाटलं, आज तरी खरं बोलशील."
मी म्हणालो, "शनिवारी ये, सविस्तर बोलू."
"बघते," म्हणाली. म्हणजे येणार.

९ जुलै, शनिवार
चौथा शनिवार. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. भेटीची खोली तासाभरासाठी माझ्या नावावर होती. टेबलावर दोन कप, कॉफीचा थर्मास. वीस मिनिटांनी गार्ड आत डोकावला. बाहेर एक कुटुंब थांबलंय, खोली त्यांना देऊ का, असं विचारलं. अगदी हळू आवाजात.
"देऊन टाका," म्हणालो.
ती का आली नाही, ते लिहायला वही उघडली.
मला माहीत आहे.