उरलेले अडीच गोल

४ मार्च

पाकीट आलं. लेकीनं मागवलेलं. आत एक जाड कार्ड, त्यावर छापलेले चार गोल, टोचायच्या तीन सुया, चिकटपट्ट्या, आणि वाचून डोकं उठेल एवढा सूचनांचा कागद. बोटाला टोचायचं, थेंब थेंब गोलात पाडायचे, कार्ड तीन तास वाळवायचं आणि टपालात टाकायचं. त्यावरून ह्यांच्या अंगात व्हिटॅमिन डी किती आहे ते कळणार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या – "हाडं दुखतात, जिना चढवत नाही, ऊन तर अंगाला लागतच नाही. कमी निघालं तर आठवड्याची कॅप्सूल देते. पण बघितल्याशिवाय देणार नाही." आणि बघायला जायचं तर दोन मजले उतरायचे. ते ह्यांच्यानं होत नाही. म्हणून हे घरच्या घरी.

ह्यांनी कार्ड खिडकीपाशी नेऊन निरखलं. "चार गोल म्हणजे चार बटणं. कारागीर, तुझं काम आलंय."

दुकानातली सवय. चाळीस वर्षं कापायचं, शिवायचं ह्यांनी. काजं, बटणं, तुरपाई माझी. गिऱ्हाइकासमोर मला कारागीर म्हणायचे आणि मी डोळे वटारायची. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, नाव चिकटलं ते चिकटलं.

५ मार्च

शिंप्याचं बोट! चाळीस वर्षं सुया खाऊन टोकं अशी निबर झालीत की रक्त यायलाच तयार नाही. पहिली सुई वाया. दुसरीनं कसेबसे काही थेंब. दीड गोल भरला आणि बोट आटलं. दाबू नका म्हणून कागदावर लिहिलेलं, तरी मी दाबलं.

"पुरे आता. टाचण्यांची उशी समजलीस काय मला?" असं म्हणून आत जाऊन पडले.

चारही गोल भरलेले हवेत, नाहीतर नमुना बाद – असं ठळक अक्षरात. बाद! माझ्या हातचा एक कपडा कधी परत आला नाही. तिसरी सुई उरली होती. स्वयंपाकघरात गेले, कोमट पाण्यात हात धुतले आणि माझ्या बोटाला टोचून घेतलं. टपटप आलं. उरलेले अडीच गोल भरून टाकले. काठाबाहेर एक थेंब नाही.

ह्यांचं अर्धं राहिलेलं पुरं करायचं, एवढंच डोक्यात. दुसरं काही आलं नाही, शपथेवर.

जेवताना हे म्हणाले, "बोटाला काय झालं?"

"सुरी लागली."

"हं."

६ मार्च

कार्ड टपालात टाकून आले.

८ मार्च

भांडी घासता घासता ध्यानात आलं. अगं बाई, रक्त म्हणजे काय दोरा आहे, एक रीळ संपलं म्हणून दुसरं लावायला? माझं रक्त ह्यांचं म्हणून तपासणार ते! मी रोज गच्चीवर कपडे वाळत घालते, शेजारणीशी तासभर उन्हात उभी राहते. आणि हे आतल्या खोलीत.

प्रयोगशाळेतली माणसं शिकलेली असतात. त्यांना कळेल. परत पाठवतील कार्ड. पाठवू देत.

१४ मार्च

नाही कळलं. अहवाल आला. चौतीस. खाली 'पुरेसे' म्हणून लिहिलंय.

ह्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवला. इतकं खूश मी त्यांना किती महिन्यांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा चहा मागितला. "चला, काळजी मिटली," म्हणाले. आणि मग मध्येच, काही संबंध नसताना – "तू गच्चीवर जातेस ते बरं करतेस. बंद करू नकोस."

मी मान हलवली. खरं सांगायच्या ऐवजी कप उचलले. विसळायला गेले.

१५ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. "छान आहे हो. कॅप्सूलची गरज नाही. दुखणं वयाचं म्हणायचं." मी 'बरं' म्हणाले. मी नुसती 'बरं' म्हणाले!

२३ मार्च

आज ह्यांना खुर्चीतून उठताना तीन प्रयत्न लागले. मांड्यांत जोरच नाही. मी हात द्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे, तुझी कंबर धरेल."

३० मार्च

सांगायचं ठरवते आणि सकाळ निघून जाते. लेकीला सांगावं तर ती म्हणेल, आई, तू असं कसं केलंस? ह्यांना सांगावं तर तो चेहरा. काळजी मिटली म्हणाले होते. ती पुन्हा त्यांच्या अंगावर कशी टाकू?

खोटं कशाला लिहू. लाज वाटते, हे खरं कारण. चाळीस वर्षं नीट काम केलेल्या बाईनं हे असलं करून ठेवलं. ह्यांच्या हाडांपेक्षा मला माझी अब्रू मोठी झाली.

६ एप्रिल

शेवटी प्रयोगशाळेत फोन केला. फोनवर एक मुलगी होती, आवाजानं गोड. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, आम्ही चारही गोल तपासत नाही. सगळ्यात नीट भरलेला असतो ना, त्यातनं एक टिकली कापून घेतो."

सगळ्यात नीट भरलेला. म्हणजे माझाच.

दुसरं पाकीट पाठवते म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

पाकीट आलं. ह्यांना म्हटलं, पहिल्या वेळी प्रयोगशाळेकडून काही गडबड झाली, पुन्हा मागितलंय. पुन्हा खोटं. हे बाही वर सारून बसले. त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे ऊन पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं बसवलं, मग बोटाच्या कडेला टोचलं. शिंप्याच्या बोटाची कड मऊ असते, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

"या वेळी चारही मीच भरणार. तू मध्ये पडायचं नाहीस," म्हणाले. हसले. भरलेसुद्धा. दोन गोल काठाबाहेर गेले, एक वाकडा. कार्ड वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले होते.

"तुझंही करून घ्यायचं का?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. "तेही खरंच," म्हणाले.

१८ एप्रिल

नऊ.

चौतीस नाही, नऊ. डॉक्टरीणबाईंनी लगेच कॅप्सूल लिहून दिली. पहिली आज दिली. पाच आठवडे आधी द्यायला हवी होती.

२० एप्रिल

हे सकाळी न्हाणीघरात पडले. आवाज झाला आणि मला पोचायच्या आधीच कळलं. खुब्याचं हाड. खाली न्यायला चार माणसं लागली. खुर्चीत बसवून नेताना प्रत्येक पायरीला त्यांचं तोंड पांढरं होत होतं. मला म्हणाले, "गॅस बंद केलास ना?"

२३ एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. लेक आली आहे. डॉक्टरीणबाई भेटायला आल्या, त्यांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा हात धरला. "अहो, पाच आठवड्यांत हाडं घट्ट होत नाहीत. झिजली ती वर्षानुवर्षं. लवकर दिली असती तरी पडले असते कदाचित."

कदाचित. एवढा एक शब्द नसता तर मी आज झोपले असते.

२९ एप्रिल

छातीत कफ झालाय. पडून राहिल्यानं होतो म्हणतात. श्वास मोजून घेतल्यासारखा. लेक चहाला गेली तेव्हा कानाशी वाकून सांगितलं – पहिलं कार्ड मी भरलं होतं, अहो. तुमचं नव्हतं ते. माझ्यामुळे तुम्हाला औषध मिळालं नाही.

डोळे मिटलेले. माझ्या हाताचं बोट चाचपत होते. तेच बोट. झोपेत करतात तसं, किंवा जागे असतील. विचारायचं धाडस झालं नाही.

४ मे

हे गेले. सकाळी नऊ वाजता.

१७ मे

लेक परत गेली. तिला सांगितलं. रडली, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मीच तिची लेक असल्यासारखा. गच्चीवर जात नाही. कपडे खिडकीतच वाळत घालते. ते ऊन आता सोसत नाही.

२६ मे

ब्लाउजचं बटण तुटलं म्हणून आज डबा उघडला. तळाशी घडी घातलेला अहवाल. चौतीसवाला. त्यावरचं स्वतःचं नाव ह्यांनी पेन्सिलनं आडवी रेघ मारून खोडलंय, मापं खोडायचे तसं, पट्टी धरून. वर बारीक अक्षरात लिहिलंय – 'कारागीर'. चौतीसच्या पुढे बरोबरची खूण, कपडा चोख उतरला की करायचे ती. खाली तारीख टाकलीय. चौदा मार्च.